बैठकीच्या खोलीसाठी राखाडी रंग निवडताना

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बैठकीच्या खोलीसाठी तुम्ही बाजूला काढलेल्या तिन्ही राखाडी छटांचे फोटो मिळाले. आईला मधली छटा निळसर दिसते, बाबांना ती निव्वळ राखाडी वाटते, म्हणून निर्णय मी द्यावा, असे तुम्ही लिहिले आहे. परंतु फोटोवरून हा निर्णय करणे मला योग्य वाटत नाही. फोनचा कॅमेरा उजेडातला पिवळेपणा किंवा निळेपणा आपोआप पुसून टाकण्याचा प्रयत्न करतो, आणि तुमच्या पहिल्या दोन छटांमधला फरक मुख्यतः तेवढाच आहे. मला इथे त्या दोन्ही जवळजवळ सारख्या दिसतात. हा रंग तुमच्याच घरात आणि तुमच्याच डोळ्यांनी ठरवावा लागेल. तो कसा ठरवावा, हे मात्र मी सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या मतभेदाविषयी. तुम्ही दोघेही आपापल्या डोळ्यांना दिसते तेच सांगत आहात, असे मला मनापासून वाटते. वयाबरोबर डोळ्यातले भिंग हळूहळू पिवळट होत जाते आणि निळा प्रकाश अधिकाधिक अडवू लागते. हा बदल इतका सावकाश होतो की तो ज्याचा त्याला जाणवत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत ते भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात, आणि त्यानंतर अनेकांना निळे रंग एकाएकी ठळक दिसू लागतात. चित्रकार क्लोद मोने यांच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया १९२३ मध्ये झाली, तेव्हा कृत्रिम भिंग बसवत नसत, नुसते जुने भिंग काढत, आणि पुढे काही काळ सगळे निळसर दिसत असल्याची त्यांची तक्रार होती. आईची शस्त्रक्रिया झाली आहे, बाबांची अजून व्हायची आहे. म्हणून एकाच छटेकडे पाहून तुम्ही वेगवेगळे सांगता, याचे बहुधा हेच कारण असावे. उद्या बाबांची शस्त्रक्रिया झाली की त्यांनाही ती छटा निळी दिसू लागण्याची शक्यता आहे. तेव्हा आईला आज जी झाक खटकते, ती तुम्ही दोघांनीही गंभीरपणे घ्यावी.

ही झाक येते कुठून, तर डब्यातूनच. भिंतीचा राखाडी रंग म्हणजे केवळ पांढरा आणि काळा नसतो. टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या रंगात काळ्याबरोबर पिवळ्या, तांबड्या किंवा निळ्या रंगद्रव्याचे काही थेंब घातलेले असतात, आणि त्या थेंबांवर ती छटा मातकट, जांभळट, हिरवट की निळसर, हे ठरते. शेड कार्डावरचा तुकडा एकटा पाहिला तर झाक लपते. कोऱ्या पांढऱ्या कागदावर तिन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले की ती लगेच उघडी पडते. शिवाय चारही भिंती रंगल्यावर एका भिंतीवरचा प्रकाश दुसरीवर पडत राहतो, त्यामुळे लहानशा तुकड्यात जेमतेम जाणवणारी झाक खोलीभर गडद होते. 'थोडी निळसर आहे, चालेल' असे कार्डावर वाटले, तरी भिंतीवर ते चालेलच असे नाही.

शेजारच्या वस्तूंचाही विचार करावा लागतो. पॅरिसच्या गोबलँ या पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांच्याकडे तक्रार आली होती, की निळ्या-जांभळ्या विणकामातला काळा धागा फिका दिसतो. त्यांनी तपासले तेव्हा धाग्याच्या रंगात काहीच खोट नव्हती. शेजारच्या रंगांमुळे तो तसा भासत होता. या विषयावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ मध्ये निघाला. तुमची फरशी पिवळसर आहे आणि दारांचे लाकूडही त्याच वळणाचे आहे. पिवळ्याच्या शेजारी झाक नसलेला राखाडीसुद्धा निळ्याकडे झुकलेला दिसतो, मग मुळातच निळसर असलेला तर अधिकच थंड दिसेल. म्हणून माझा कौल पहिल्या, किंचित मातकट झाक असलेल्या छटेला आहे. ती कार्डावर सर्वांत कमी उठावदार आहे, आणि त्या खोलीत तीच सर्वांत शांत राखाडी दिसेल, असा माझा अंदाज आहे.

तरीही माझ्या अंदाजावर डबा आणू नका. तिन्ही छटांचे लहान नमुने आणून मोठ्या जाड पुठ्ठ्यांवर रंगाचे दोन हात द्यावेत आणि कडेने पांढरी पट्टी मोकळी सोडावी, म्हणजे भिंतीचा जुना रंग नजरेची दिशाभूल करणार नाही. इमल्शन ओले असताना फिकट दिसते, त्यामुळे पूर्ण वाळण्याआधी मत बनवू नये. पुठ्ठे भिंतीला टेकवून उभे करावेत आणि सकाळी, दुपारी व दिवे लावल्यावर पाहावेत. तुमच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, नुसता आकाशाचा उजेड येतो, आणि तो निळसर असतो. संध्याकाळी मात्र सगळे दिव्यावर अवलंबून: केल्विन हे उजेडाची झाक सांगणारे माप; २७०० केल्विनचा दिवा सगळ्यावर पिवळेपणा चढवतो, तर ६५०० चा निळेपणा. एका उजेडात हुबेहूब जुळणाऱ्या दोन छटा दुसऱ्या उजेडात वेगळ्या दिसू शकतात. तुम्ही त्या खोलीत मुख्यतः संध्याकाळी बसता, म्हणून दिव्याखालच्या परीक्षेला अधिक वजन द्यावे. दिवे बदलायचे असतील तर रंग ठरवण्याआधी बदलावेत.

छटेइतकाच तिचा उजळपणाही मला महत्त्वाचा वाटतो, आणि तुमच्या बाबतीत तर अधिकच. रंगाच्या माहितीपत्रकात एलआरव्ही नावाचा अंक असतो: शून्य म्हणजे सगळा प्रकाश गिळणारा, शंभर म्हणजे सगळा परत फेकणारा. तुमच्या पहिल्या दोन छटा साठीच्या आसपास आहेत, तिसरी पंचेचाळीसच्या. वय वाढते तशी डोळ्याची बाहुलीही लहान होत जाते आणि आत कमी उजेड पोचतो. त्या खोलीत तिसरी छटा तुम्हाला अंधारी वाटेल, म्हणून तिला माझा कौल नाही. दाराच्या चौकटी मात्र भिंतीच्या रंगात बुडवू नका. इमारतींच्या सुलभतेविषयीचे ब्रिटिश मानक, बीएस ८३००, लगतच्या पृष्ठभागांच्या या अंकात ३० चा फरक सुचवते, कारण तेवढा फरक असला की कमी दिसणाऱ्यालाही कडा ओळखू येते. विजेच्या बटणांच्या पाट्यांनाही हेच लागू आहे. बाबा रात्री दिवा न लावता उठतात, हे आठवून हा भाग मी आग्रहाने लिहिते आहे. रंग चकाकणारा नसावा, मॅट असावा. चकाकत्या भिंतीत दिव्याची तिरीप उठते आणि ती डोळ्यांना त्रास देते.

छटा ठरली की सगळे डबे एकाच वेळी मिसळून घ्या आणि रंगाऱ्याला ते मोठ्या बादलीत एकत्र करायला सांगा, कारण वेगवेगळ्या वेळी मिसळलेल्या डब्यांत थोडा फरक पडू शकतो. शेड नंबर मला कळवा, मीही लिहून ठेवते. पुठ्ठे वाळल्यावर दिव्याखाली दोघांना काय दिसले, ते एकमेकांना न सांगता मला वेगवेगळे लिहून पाठवा.

तुमची,
लेक