प्रोटीनच्या औषधाची वाट पाहू नकोस

बडोदे

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. तुझा रिपोर्ट नीट वाचला. एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं कोलेस्टेरॉल, 168; एचडीएल, म्हणजे ते बाहेर नेणारं, 34. डॉक्टरांनी एलडीएल उतरवणारी स्टॅटिनची गोळी लिहून दिली आहे आणि तू मला रक्तवाहिन्यांचं रक्षण करणाऱ्या प्रोटीनची बातमी पाठवून विचारतोस, त्याचं औषध येईपर्यंत थांबलं तर काय बिघडलं? फोनवर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहिते आहे.

बातमीत तथ्य आहे. इतकी वर्षं जीवरसायन शिकवलं, त्यात मला सर्वांत जास्त रमवणारा भाग हाच होता. उंदराच्या धमन्या एरवी तुंबत नाहीत. 1992 मध्ये शास्त्रज्ञांनी उंदरांतलं एकच जनुक निकामी केलं, अपो-ई नावाच्या प्रोटीनचं. यकृत हे प्रोटीन रक्तात सोडतं, ते चरबीच्या कणांवर बसतं आणि त्याच्या खुणेवर यकृत ते कण उचलून घेतं. प्रोटीन गेलं, आणि साधं खाणं खाणाऱ्या उंदरांच्याही धमन्यांत माणसासारखे थर धरले. त्यापुढचा, 1995चा प्रयोग तर मी कितीदा वर्गात सांगितला असेल! अशाच उंदरांना निरोगी उंदरांची अस्थिमज्जा दिली. तिच्यातून मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातला कचरा गिळणाऱ्या पेशी, तयार होतात आणि त्याही अपो-ई स्रवतात. यकृत तेच, जनुक नसलेलं. तरी तेवढ्या स्रावावर रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरलं आणि धमन्या वाचल्या.

आता तुझ्या एचडीएलकडे वळू. एलडीएल धमनीच्या अस्तराखाली शिरून अडकतं, मॅक्रोफेज ते गिळतात, फुगतात आणि बऱ्याचशा तिथेच मरतात. त्यांच्यातलं कोलेस्टेरॉल बाहेर काढायला येतं अपो-ए-वन, एचडीएलचं मुख्य प्रोटीन. यकृत आणि आतडं ते स्रवतात. इटलीत गार्डा सरोवराकाठी लिमोने नावाचं गाव आहे. तिथल्या काही माणसांत या प्रोटीनचा वेगळा प्रकार सापडला, 1980 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांचं एचडीएल तुझ्यासारखंच कमी, पण त्या मानानं धमन्या चांगल्या. उलट टोरसेट्रॅपिब नावाच्या औषधानं एचडीएल भरपूर वाढलं, पण मृत्यूही वाढले आणि 2006 मध्ये चाचणी थांबवावी लागली. तेव्हा 34 हा आकडा बघून एचडीएल वाढवणाऱ्या कॅप्सूल मागवू नकोस. आकडा वाढला म्हणजे प्रोटीनचं काम वाढलं असं होत नाही.

मग ते प्रोटीनच टोचलं तर? तेही करून पाहिलं. 2003 मध्ये लिमोनेच्या प्रकाराची पाच आठवडे इंजेक्शनं दिली, धमनीतला थर किंचित उतरला. चाचणी लहान होती, आशा मोठी. पुढे माणसाच्या रक्तातून काढलेलं अपो-ए-वन हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या 18,000हून अधिक रुग्णांच्या चाचणीत तपासलं. 2024 मध्ये निकाल आला: तीन महिन्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकारानं होणारे मृत्यू ठळकपणे कमी झाले नाहीत. मला फार वाईट वाटलं. वर्षानुवर्षं साचलेला थर चार इंजेक्शनांत हलावा, ही अपेक्षाच जास्त होती असं माझं मत आहे. या शोधावरचा माझा विश्वास गेलेला नाही. पण तुझ्या धमन्या तोवर थांबणार नाहीत.

स्टॅटिनमुळे यकृत एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवतं. एलडीएल साधारण 39नं उतरलं की झटका आणि पक्षाघातासारख्या घटना सुमारे एक पंचमांशानं कमी होतात, आणि हे लाखाहून अधिक माणसांवरच्या चाचण्यांतून दिसलं आहे. आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका येण्याचं मध्यम वय 53 आहे, इतर देशांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. नाना गेले तेव्हा त्यांची साठीही झाली नव्हती, तुला आठवत नसेल.

गोळी आजपासून सुरू कर. पाय-अंग फार दुखलं तर डॉक्टरांना सांग, मनानं बंद करू नकोस. सहा ते आठ आठवड्यांनी लिपिड तपासणी परत करून रिपोर्ट पाठव, एलडीएल किती उतरलं ते मी आधी बघणार आहे. दिवाळीला आलास की रोज सकाळी माझ्याबरोबर कमाटी बागेत चालायला यायचं, आणि शेव-उसळ एकदाच.

तुझी,
आई