जीपच्या श्रेयात बँटमचाही वाटा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत जुन्या जीपवर आलेला लेख आवडीने वाचला. दुरुस्तीविषयीचा भाग जाणकाराने लिहिल्याचे लगेच लक्षात येते. मात्र ही गाडी विलिस कंपनीने निर्माण केली, असे त्यात एका वाक्यात सांगून टाकले आहे. ते पूर्णतः खोटे नसले, तरी अमेरिकन बँटम या ज्या लहानशा कंपनीने आराखडा काढून पहिली गाडी उभी केली, तिचे नाव त्यामुळे पुन्हा एकदा गाळले गेले. म्हणून हा पत्रप्रपंच.

जुलै 1940 मध्ये अमेरिकी लष्कराने 135 उत्पादकांकडे हलक्या, चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या टेहळणी गाडीची मागणी नोंदवली. पहिला नमुना 49 दिवसांत हवा होता आणि वजनाची मर्यादा होती 1,300 पौंड, म्हणजे जेमतेम 590 किलो. ही मर्यादा पुढे कोणालाच पाळता आली नाही. एवढ्या मोठ्या यादीतून प्रत्यक्षात पुढे आल्या दोनच कंपन्या, विलिस-ओव्हरलँड आणि पेनसिल्व्हेनियातील बटलर गावची अमेरिकन बँटम. त्यांपैकी विलिसला मुदत वाढवून हवी होती. ब्रिटिश 'ऑस्टिन सेव्हन'च्या परवान्यावर छोट्या मोटारी काढण्याच्या उद्योगातून उभी राहिलेली बँटम तेव्हा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. तिने कार्ल प्रॉब्स्ट या डेट्रॉइटच्या अभियंत्याला बोलावले आणि पगाराची हमी नसताना त्याने अवघ्या दोन दिवसांत संपूर्ण आराखडा कागदावर उतरवला. त्या आराखड्यातून घडलेली पहिली गाडी 23 सप्टेंबर 1940 रोजी बटलरहून चालवत मेरिलँडमधील होलाबर्ड तळावर आणण्यात आली. मुदत संपायला तेव्हा अर्धा तास उरला होता.

पुढे जे घडले ते व्यवहाराला धरून असेल, पण न्यायाला धरून होते असे मला वाटत नाही. एवढी छोटी कंपनी लष्कराची गरज भागवू शकणार नाही, या शंकेपोटी बँटमचे नकाशे विलिस आणि फोर्ड यांना दाखवण्यात आले, आणि नोव्हेंबरमध्ये दोघांचेही नमुने त्याच तळावर हजर झाले.

अर्थात, विलिसचे काहीच योगदान नव्हते असे म्हणणे हाही अन्यायच ठरेल. डेलमार रूस या अभियंत्याने घडवलेले त्यांचे 2.2 लिटरचे, 60 अश्वशक्तीचे इंजिन प्रतिस्पर्ध्यांच्या इंजिनांपेक्षा स्पष्टपणे दमदार होते. सुधारित 2,160 पौंडांच्या मर्यादेत गाडी बसवण्यासाठी रूसने तिचा एकेक भाग सुटा करून तोलला आणि बोल्टच्या लांबीपासून रंगाच्या थरापर्यंत सर्वत्र काटकसर केली. फोर्डची देणगी आहे ती समोरच्या उभ्या फटींच्या जाळीची. विलिस सुरुवातीला पट्ट्या जोडून जाळी करत असे. फोर्डने एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली नऊ फटींची जाळी स्वस्त आणि हलकी पडली, म्हणून ती विलिसनेही स्वीकारली. आज जी जाळी पाहून लहान मूलही 'जीप' म्हणते, तिचा उगम असा प्रतिस्पर्ध्याच्या कारखान्यात आहे.

'जीप' हे नाव 'जनरल पर्पज'च्या आद्याक्षरांवरून आले, असेही लेखात ठामपणे म्हटले आहे. फोर्डच्या 'जीपी' या संकेतात 'जी' म्हणजे सरकारी काम आणि 'पी' म्हणजे 80 इंची व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतराची) गाडी, एवढाच अर्थ होता. शिवाय अमेरिकी सैनिकांच्या बोलीत हा शब्द नवख्या शिपायांसाठी आणि नव्या वाहनांसाठी त्याआधीपासूनच वापरात होता. तेव्हा नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे, एवढे म्हणणेच योग्य.

या गाडीच्या आकर्षणाविषयी लेखकाने 'मर्दानी रूप' असा शब्द योजला आहे. मला तो रुचला नाही. जीपचे सौंदर्य तिच्यात काय नाही यात आहे. दरवाजे नाहीत, गोलाई नाही, अनावश्यक पत्रा नाही. मडगार्ड सपाट आहेत ते घडवायला सोपे म्हणून. समोरची काच बॉनेटवर आडवी होते ती गाडीची उंची कमी व्हावी म्हणून. पुढचे दिवे उलटे फिरवले की उजेड थेट इंजिनावर पडतो आणि काळोखातही दुरुस्ती करता येते. ट्रान्सफर केसमधला, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या पेटीतला, लो गिअर टाकला की हीच गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगाने चिखलातून वर चढते. उणिवाही तितक्याच उघड होत्या. स्प्रिंगचे पाटे कडक असल्याने प्रत्येक खड्डा पाठीला कळतो, पेट्रोलची टाकी थेट चालकाच्या आसनाखाली आहे, आणि वळणावर वेग आवरला नाही तर अरुंद बांध्यामुळे ती उलटू शकते. जुन्या जीपवर प्रेम करणाऱ्यांनी हेही सांगायला हवे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सुमारे 6 लाख 40 हजार जीप तयार केल्या. बँटमच्या वाट्याला पावणेतीन हजारही आल्या नाहीत. आपणच जीप निर्माण केली, अशी जाहिरात विलिसने चालवली, तेव्हा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने, तिला हरकत घेतली, आणि मूळ कल्पना बँटमने लष्करी अधिकाऱ्यांच्या सहकार्याने साकारली, असा निर्णय 1948 मध्ये दिला. तरीही 1950 मध्ये 'जीप' हे व्यापारचिन्ह विलिसच्याच नावे नोंदले गेले. बँटम तोवर मोटारींच्या धंद्यातून बाहेर पडली होती. युद्धाची उरलेली वर्षे तिने मुख्यतः जोडगाड्या बनवण्यात काढली होती, म्हणजे इतरांनी तयार केलेल्या जीपच्या मागे जोडायचे दोनचाकी ट्रेलर.

हा लेख पुढे पुस्तकरूपाने येणार असल्यास त्यात बँटमचा आणि प्रॉब्स्टचा उल्लेख करावा, अशी लेखकांना आपल्यामार्फत विनंती आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक