बाबांच्या बंद फियाटची खरी किंमत सांगणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

बाबांच्या फियाटचा सौदा झाला. तुम्ही १,४०,००० ते १,७०,००० सांगितले होते, गाडी १,५५,००० ला गेली. हे तुम्हाला फोनवर कळवलंच होतं. पण तुम्ही "चांगलं झालं, बाईसाहेबांना नमस्कार सांगा" म्हणून फोन ठेवलात आणि आभार मानायचे राहून गेले. म्हणून हे उघड पत्र लिहिते आहे. नाव लिहू नका म्हणालात, तेवढं पाळते. तुम्ही केलंत काय, ते मात्र लोकांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं. आपल्या नागपुरात धंतोलीत, रामदासपेठेत, महालात कितीतरी घरांच्या मागे अशा गाड्या ताडपत्रीखाली उभ्या आहेत, आणि त्यांचा भाव सांगायला सगळ्यांत आधी भंगारवालाच येतो.

आमच्याकडेही तोच आला होता. गाडीचं वजन साधारण नऊशे किलो, त्या हिशेबाने त्याने २८,००० सांगितले. तिकडे पुण्यात भावाने जाहिराती पाहिल्या. तशाच फियाटी चार-पाच लाखांना लावलेल्या होत्या. त्याला वाटलं मी गाडी मातीमोल विकायला निघाले आहे, मला वाटलं त्याला दारातली गाडी दिसतच नाही. आई दोघांचं ऐकायची आणि आत निघून जायची. बाबा गेल्यापासून त्या गाडीविषयी आमच्या घरात नीट असं बोलणंच झालं नव्हतं. तुम्ही आलात आणि तेही सुरू झालं.

मला वाटलं होतं तुम्ही आधी बॉनेट उघडाल. तुम्ही म्हणालात, "आधी कागद दाखवा ताई, गाडी मंग पाहू." आरसी बुक उजेडात धरून वाचलंत, मग चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतलात, इंजिनचा नंबर ब्रशने घासून काढलात आणि दोन्ही नंबर बुकाशी ताडून पाहिलेत. जुन्या फियाटी आणि अँबेसेडरमध्ये मधल्या काळात अनेकांनी डिझेलची इंजिनं बसवून घेतली आणि ती कागदावर चढवलीच नाहीत, हे तुमच्याकडून कळलं. आमच्या गाडीत मूळ १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिनच होतं, नंबर जुळले. तुमच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं ते तेव्हा, आणि गाडीची तपासणी तर अजून सुरूही झाली नव्हती. कागद नसलेली गाडी म्हणजे नुसते सुटे भाग, हे तुमचं वाक्य मी भावाला तसंच्या तसं कळवलं.

मॉडेलही तुम्हीच आम्हाला नीट समजावून दिलंत. आम्ही तिला सरसकट पद्मिनी म्हणत आलो होतो. ती पद्मिनीच्या आधीची, १९६८ची फियाट ११०० डी. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेली. हीच गाडी १९७२ नंतर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. याचा किमतीशी काय संबंध, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, संबंध दोन्ही बाजूंनी आहे. पद्मिनी टॅक्सी म्हणून इतकी वर्षं धावली की इंजिनाचं, गिअरचं, ब्रेकचं सामान आजही मिळतं, त्यामुळे घेणारा घाबरत नाही. पण पुढची जाळी, दिवे, मोनोग्राम हे अकराशे डीचं वेगळं, ते बाजारात सहज मिळत नाही. म्हणजे इंजिन बंद असल्याने किंमत जेवढी पडते, त्याहून जास्त एखादी जाळी हरवल्याने पडू शकते. हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नसतं.

आणि लगेच तुम्ही आईला विचारलंत, "डॉक्टरसाहेबांनी काढून ठेवलेलं सामान कुठं हाय?" बाबा काही टाकत नसत, हे वर्षानुवर्षं त्यांची गाडी दुरुस्त करत आल्याने तुम्हाला ठाऊक. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत चारही व्हील कॅप, मागच्या दिव्याची एक जादा काच आणि डिकीवरचा मोनोग्राम निघाला. सगळं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. ती पेटी आम्ही दिवाळीत रद्दीसोबत देणार होतो.

पत्र्याची तपासणी मला सगळ्यांत जास्त शिकवून गेली. तुम्ही कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेवरून, मडगार्डवरून फिरवलंत. जिथे पकडत नाही तिथे आत लांबी, म्हणजे पोचे बुजवायचा लेप, भरलेली. डाव्या मागच्या मडगार्डवर एक वीतभर जागा तशी निघाली, बाकी पत्रा मूळचा. मग चटई उचलून फ्लोअर, बॅटरीखालची जागा, दाराखालच्या पेट्या, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे ब्रॅकेट हे सगळं स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून ऐकलंत. या गाडीला बॉडीखाली वेगळी चेसिस, म्हणजे सांगाडा, नाही, बॉडीच भार उचलते. त्यामुळे फ्लोअर आणि पेट्या सडल्या तर नुसता रंगाचा खर्च नसतो, गाडीचा कणाच गेलेला असतो.

त्यावर आपल्या हवेचं तुम्ही जे सांगितलंत ते तर प्रत्येक नागपूरकराने ऐकावं असं आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेत पत्रा आतून खाल्ला जातो. आपल्याकडे आठ महिने हवा कोरडी, म्हणून नागपूरच्या जुन्या गाडीचा पत्रा टिकतो, आणि हे मुंबई-पुण्याच्या जाणकार गिऱ्हाइकाला माहीत असतं. पण ४५ अंशांचा मे महिना रबर सोडत नाही. काचांचं बीडिंग, दारांचं रबर, होस पाइप, बुश सगळं वाळून तडकतं. तडकलेल्या बीडिंगमधून पावसाचं पाणी आत जातं आणि चटईखाली साचून राहतं, म्हणून कोरड्या गावातल्या गाडीचाही फ्लोअर नेमका ड्रायव्हरच्या पायाखाली कुजतो. आमचाही तिथेच, दोन तळहातांएवढा गेला होता. तुम्ही तो झाकला नाहीत. उलट त्याचे जवळून फोटो काढायला लावलेत.

इंजिन सगळ्यांत शेवटी. "जाम हाय म्हणून कोणं सांगतलं?" असं तुम्ही विचारलंत तेव्हा कुणाकडेच उत्तर नव्हतं, भंगारवाल्याने म्हटलं आणि आम्ही मानलं. तुम्ही बॅटरी लावून सेल्फ मारू दिला नाहीत. इतकी वर्षं कोरड्या पडलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असल्या तर जोराने फिरवताना तुटतात, म्हणून प्लग काढून चारही भोकांत तेल सोडलंत आणि गाडी तशीच ठेवून निघून गेलात. पुढच्या खेपेला मागचं एक चाक जॅकवर उचललंत, चाकासोबत इंजिन फिरावं म्हणून गिअर टॉपमध्ये टाकलात आणि चाक दोन्ही हातांनी फिरवायला लागलात. आधी काहीच नाही. मग पुढे बॉनेटखाली इंजिनचा पंखा हलला. आई मोठ्याने "फिरला!" म्हणाली, ते शेजाऱ्यांनीही ऐकलं. तेवढ्याने गाडी सुरू झाली नव्हती, टाकीतलं पेट्रोल डिंकासारखं झालं होतं आणि ब्रेक अडकलेले होते. पण इंजिन मोकळं आहे, हे आता फक्त म्हणणं राहिलं नव्हतं. घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दाखवता येत होतं.

मग तुम्ही ओसरीवर बसून हिशेब मांडलात. जाहिरातीतला आकडा हा मागणीचा आकडा, सौद्याचा नव्हे, हे आधी भावाला फोनवर समजावलंत. तुमच्या ओळखीत खरोखर विकल्या गेलेल्या चालत्या, साध्या रंगाच्या अकराशे डींचा भाव तुम्ही फोन करून विचारलात, तो सव्वातीन लाखांच्या आसपास आला. त्यातून आमची गाडी चालती करण्याचा खर्च वजा केलात. ब्रेकचं सगळं काम, क्लच, टाकीची सफाई, कार्ब्युरेटर, रेडिएटर, उंदरांनी खाल्लेली वायरिंग, पाच टायर, फ्लोअरला पत्रा, सगळं रबर मिळून सव्वा लाख. उरले दोन लाख. त्यातून आणखी ४०,००० काढलेत. भाऊ म्हणाला, हे कशाचे? तुम्ही म्हणालात, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलचा आवाज गाडी धावल्याशिवाय ऐकू येत नाही, तो धोका घेणारा उचलतो, त्याचे पैसे त्याचे. १,६०,००० आले, त्याच्या थोडं खाली आणि थोडं वर अशी रेघ तुम्ही ओढलीत. हा कागद मी जपून ठेवला आहे. माझ्या मते किमतीपेक्षा ती वजाबाकी मोलाची होती, कारण ती पाहिल्यावर आम्ही दोघं भावंडं एका आकड्यावर आलो.

रंग मारून विकू या, असं मीच सुचवलं होतं. तुम्ही ठाम नाही म्हणालात. नव्या रंगाखाली काय आहे हे घेणाऱ्याला कळत नाही आणि तो सगळ्यात वाईट तेच धरून चालतो. फक्त धुऊन घ्या, एवढंच सांगितलंत.

सरकारी बाजूही तुम्ही आमच्याकडून वेळेत करून घेतलीत. गाडी बाबांच्या नावावर, म्हणून आधी गिरीपेठच्या आरटीओत फॉर्म ३१ भरून ती आईच्या नावावर केली, सोबत आम्हा दोघांची ना-हरकत. नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेजचा नियम आला. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला त्यात जुना नंबर ठेवता येतो, नोंदणी १० वर्षं चालते, मात्र रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. हे घेणाऱ्याला आधीच सांगा, नंतर कटकट नको, असं तुम्ही बजावलंत. आम्ही सांगितलं. रोज चालवायला जुनी गाडी शोधणारे आपोआप गळाले आणि जपणारे तेवढे उरले. भंगारात दिली असती आणि नोंदणी रद्द केली नसती, तर गाडी कापली गेल्यावरही कागदावर आईच मालक राहिली असती, हा विचार आता आला तरी धास्ती वाटते.

गाडी कामठीच्या एका गृहस्थांनी घेतली. फोटोत फ्लोअरचं भोक पाहूनच ते आले होते. "जो भोक दाखवतो तो बाकीचं लपवत नसेल," असं ते म्हणाले आणि सौदा दोन चहांत झाला. त्यांनी चाक फिरवून पंखाही स्वतः पाहिला, पेटीतलं सामान हातात घेऊन पाहिलं, आणि ट्रकवर चढवण्याआधी आईला विचारलं की डॉक्टरसाहेब गाडी कुठे कुठे नेत. आई बराच वेळ बोलत होती.

काका, तुम्ही दलाली घेतली नाहीत, तपासणीचे पैसे घेतले नाहीत. गाडी तुम्हाला स्वतःला हवी होती, हे मला तुमच्या शिष्याकडून नंतर कळलं. ज्याला विकत घ्यायची इच्छा आहे त्यानेच विकणाऱ्याला पूर्ण भाव सांगावा, याला काय म्हणावं मला सुचत नाही. आम्ही तुमचे ऋणी आहोत, आई, भाऊ आणि मी, तिघंही.

आता एक विचारायचं आहे. कामठीच्या गृहस्थांना ब्रेकचं काम तुमच्याच देखरेखीखाली करून घ्यायचं आहे आणि ते तुमचा नंबर मागत आहेत. तुम्हाला विचारल्याशिवाय मी दिलेला नाही. द्यायचा का ते कळवा. आणि रविवारी सकाळी काकूंना घेऊन घरी या, आई सांबारवडी करणार आहे. तुम्ही नाही म्हणालात तर ती स्वतः डबा घेऊन गॅरेजवर येईल, असं तिने लिहायला सांगितलं आहे.

आपली,
डॉक्टरसाहेबांची थोरली
धंतोली, नागपूर