सोन्याच्या पत्र्यासमोर अंधारात बसलेली दोन माणसं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात आठवीत आहे. मागच्या महिन्यात तिचा विज्ञानाचा तपासलेला पेपर घरी आला. रिकाम्या जागा भरा, त्यात एक वाक्य होतं : 'सोन्याच्या पत्र्यावर अल्फा कण सोडण्याचा प्रयोग ____ यांनी केला.' तिनं लिहिलं होतं 'गायगर आणि मार्सडेन'. त्यावर लाल फुली आणि शेजारी 'रुदरफोर्ड'. एका गुणासाठी मी हे पत्र लिहीत नाही, आणि शाळेचं नावही लिहिणार नाही. तिथले शिक्षक कष्टाळू आहेत. पण पोरीचं उत्तर बरोबर आहे, आणि ती फुली मला तेव्हापासून सलते आहे.

मी विट्याचा. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं दुष्काळाला कंटाळून बाहेर पडली आणि गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात देशभर पसरली, हे सांगली जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. मी 34 वर्षं कोइमतूरला भट्टीवर काढली. सोनारांच्या दुकानातला केरसुद्धा आम्ही जाळून, धुऊन, त्यातलं सोनं काढायचो. भेसळीचं सोनं आलं की एका भागाला तीन भाग चांदी घालून मुशीत वितळवायचं, त्याचा पातळ पत्रा करायचा आणि तो तेजाबात उकळायचा. तांबूस धूर निघतो, चांदी-तांबं तेजाबात विरघळून जातं आणि तळाला तपकिरी पीठ राहतं. नवख्याला वाटावं, सगळं वाया गेलं. ते पीठ धुऊन, टाकणखार घालून पुन्हा मुशीत टाकलं की पिवळंधमक सोनं समोर येतं. हे मी हजारो वेळा केलं. सोनं किती जाळलं, किती उकळलं तरी सोनंच का राहतं, हा प्रश्न मला पहिल्या वर्षीच पडला होता. 'सोन्याची जातच तशी,' एवढंच उत्तर मिळायचं.

खरं उत्तर मला नातीच्या पुस्तकातल्या त्या एका आकृतीत सापडलं. आमच्या गल्लीत भौतिकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांच्या ओट्यावर आम्ही आजोबा-नात आठ-दहा संध्याकाळी बसलो. गायगर-मार्सडेन ही नावं तिला तिथंच कळली.

1909 साल, मँचेस्टर. रुदरफोर्ड तिथं प्राध्यापक होते, आदल्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं होतं. हान्स गायगर त्यांचा मदतनीस. अर्नेस्ट मार्सडेन अवघा 20 वर्षांचा, पदवीचं शिक्षण अजून चाललेलं. अल्फा कण, म्हणजे किरणोत्सारी पदार्थातून वेगानं बाहेर पडणारे धनप्रभाराचे कण, धातूवरून मागे उलटतात का ते बघ, असं रुदरफोर्डनी त्याला सांगितलं. प्रयोग सुचवला रुदरफोर्डनी, त्याचा अर्थही पुढे त्यांनीच लावला, त्यांचा मोठेपणा मी तिळभर कमी करत नाही. पण प्रयोग ज्यांनी हातानं आणि डोळ्यांनी केला ती माणसं ही दोघं. झिंक सल्फाइडच्या पडद्यावर कण आदळला की टाचणीच्या टोकाएवढी ठिणगी चमकते. ती सूक्ष्मदर्शकातून बघायची आणि मोजायची. त्यासाठी आधी बराच वेळ काळोखात बसून डोळे तयार करावे लागत. पुढे 1913 पर्यंत या दोघांनी अशा 1 लाखाहून जास्त ठिणग्या मोजल्या.

1909 च्या त्यांच्या मोजणीतले आकडे प्राध्यापकांनी मला वहीत उतरवून दिले, आणि ते बघून मी गप्पच झालो. पत्र्यावरून उलटून पडद्यावर येणाऱ्या ठिणग्या मिनिटाला : सोन्यावरून 67, चांदीवरून 27, तांब्यावरून साडेचौदा, ॲल्युमिनियमवरून जेमतेम 3.4. आम्ही कसोटीच्या दगडावर रेघ ओढून सोन्याचा कस बघायचो. इथं कुणी दगड न वापरता, ठिणग्या मोजून सोनं, चांदी आणि तांबं वेगळं काढत होतं! प्लॅटिनमच्या पत्र्यावरून साधारण 8000 कणांतला एक उलटत होता.

हा एक कुठून आला, यावर सगळं अडलं. तोवरची समजूत थॉमसन यांची : अणूभर धनप्रभार पसरलेला आणि त्यात इलेक्ट्रॉन रुतलेले. अशा पसरलेल्या अणूत अल्फा कणाला किरकोळ धक्के बसतील, ते साठून तो थोडा तिरका होईल, पण एवढे कण मागे फिरणार नाहीत. इलेक्ट्रॉनकडून तर आशाच नको, अल्फा कण त्याच्या 7000 पटींहून जड असतो. रुदरफोर्डनी दीडएक वर्ष विचार केला आणि 1911 मध्ये गणितानं दाखवलं, की अणूचा एका खुणेचा (धन किंवा ऋण) सगळा प्रभार आणि जवळजवळ सगळं वजन मधोमध एका इवल्याशा जागेत असलं पाहिजे. मागे आलेला कण एकाच टकरीत मागे आलेला असतो. तेच अणुकेंद्रक.

ते किती इवलं, हे मी नातीला ज्वारीच्या दाण्यावरून सांगितलं. सोन्याचं केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढं धरलं, तर अणू साधारण 80 मीटर रुंदीचं मैदान होईल. बाकी मैदानात नुसते इलेक्ट्रॉन.

आणि इथंच माझं उत्तर होतं. त्या दाण्यात 79 धनप्रभार आहेत म्हणून ते सोनं. 47 असले की चांदी, 29 असले की तांबं. पुढे 1920 मध्ये चॅडविक यांनी याच अल्फा कणांनी हे मोजून बघितलं, तेव्हा चांदीचे 46.3 आणि तांब्याचे 29.3 आले. माझी भट्टी, माझं तेजाब फक्त मैदानाच्या कडेच्या इलेक्ट्रॉनांशी खेळत होतं. दाण्याला कधी धक्काच लागला नाही. सोनं 1064 अंशांना वितळतं, त्या धगीनं केंद्रकाला काय होणार? सेकंदाला सुमारे 19 हजार किलोमीटर वेगानं समोरासमोर आलेला अल्फा कणसुद्धा सोन्याच्या केंद्रकाला न शिवता अलीकडूनच परत फिरतो. हे समजलं त्या रात्री मला झोप लागली नाही. जन्मभर जी वस्तू हाताळली, ती सत्तरीत पहिल्यांदा कळली.

म्हणून माझं म्हणणं असं. ही गोष्ट पोरांना एक आकृती, तीन निष्कर्ष आणि एक नाव एवढ्यावर उरकू नका. मार्सडेन आपल्या बी.एस्सी.च्या पोरांच्या वयाचा होता, हे कळलं की आठवीचं पोर पुस्तकाकडे वेगळ्या नजरेनं बघतं. माझी नात बघू लागली. तिच्या हट्टानं आम्ही एका रात्री आतल्या खोलीची खिडकी गोधडीनं झाकली आणि अर्धा तास नुसते बसलो. आधी काहीच दिसेना. मग कपाटाच्या मागची, कधी न दिसलेली भिंतीतली फट उजळ रेघेसारखी दिसू लागली. ती हळूच म्हणाली, "आजोबा, त्यांनी असं किती दिवस केलं असेल?"

पत्रा म्हणजे काय, हेही पोरांना दाखवायला हवं. पुस्तकात ती नुसती एक उभी रेघ असते. माझ्याकडे सोन्याच्या वर्खाची काही पानं आहेत. एक ग्रॅम सोन्याचा वर्ख ठोकून अर्ध्या चौरस मीटरवर सहज पसरतो. पान उचलताना श्वास रोखावा लागतो, नाहीतर उडून बोटाला चिकटतं आणि गेलं. ते दिव्यासमोर धरलं की पलीकडून हिरवट उजेड येतो. पिवळ्या सोन्यातून हिरवा उजेड! नातीनं ते बघितलं तेव्हा तिचा हात थरथरत होता.

विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कुठल्याही शाळेनं आठवीचा हा धडा शिकवताना बोलावलं, तर वर्खाची पानं, मूस आणि कसोटीचा दगड घेऊन मी येईन. गाडीभाडं नको. फक्त एक खोली पूर्ण अंधारी करता आली पाहिजे, आणि पोरांना अर्धा तास शांत बसवायची जबाबदारी शिक्षकांनी घ्यावी.

आपला,
एक निवृत्त गलाई व्यावसायिक
विटा, जि. सांगली