अपमान झाल्यावरचं धोरण

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

परराष्ट्र धोरण म्हणजे राष्ट्रहिताचा थंड डोक्याने मांडलेला हिशोब, असं तू म्हणालीस. मला ते पटलेलं नाही. तुझ्या फिलाडेल्फियातच, ते राजधानीचं शहर होतं तेव्हा, नवख्या अमेरिकेचं धोरण एका अपमानाने फिरवलं होतं.

ब्रिटनशी केलेल्या १७९४ च्या करारामुळे फ्रान्स चिडला आणि अमेरिकेची व्यापारी जहाजं धरू लागला. अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी समेटासाठी पिंकनी, मार्शल आणि गेरी यांना पॅरिसला धाडलं. ऑक्टोबर १७९७ मध्ये फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेराँ त्यांना जेमतेम भेटला. मग त्याच्या मध्यस्थांच्या खेपा सुरू झाल्या. आधी ५०,००० पौंड लाच द्या, वर फ्रान्सला मोठं कर्ज द्या, मग बोलणी! उत्तरासाठी फारच तगादा लागला तेव्हा पिंकनी कडाडले, "नाही, नाही, सहा पेन्ससुद्धा नाही!"

हे सगळं सांगणारी दूतांची कागदपत्रं एप्रिल १७९८ मध्ये उघड झाली. मध्यस्थांची नावं झाकायला एक्स, वाय, झेड ही अक्षरं वापरली होती. देश खवळला. महिना संपायच्या आत नौदलाचं स्वतंत्र खातं उभं राहिलं. ज्या फ्रान्सच्या मदतीने स्वातंत्र्य मिळालं, त्याच्याशी झालेले १७७८ चे तह जुलैत मोडीत काढले. समुद्रावर अघोषित युद्ध जुंपलं. आणि घरात? सरकारवर टीका करणं गुन्हा ठरवणारा कायदा आला. व्हर्मांटचे खासदार मॅथ्यू लायन यांना त्याखाली चार महिने कैद झाली. मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिलं! परक्याने केलेल्या अपमानाचा राग आपल्याच माणसांवर निघतो, याची मला फार भीती वाटते गं.

मला मोठे वाटतात ते अ‍ॅडम्स. युद्ध पुकारलं असतं तर ते लोकांच्या गळ्यातले ताईत झाले असते. पण नव्या दूताचा मान राखू, असा तालेराँचा निरोप आल्यावर त्यांनी फेब्रुवारी १७९९ मध्ये, स्वपक्षातल्या बड्यांना न विचारता, पुन्हा दूत नेमला. पक्षात फूट पडली. ३० सप्टेंबर १८०० ला फ्रान्सशी मोर्तफोंतेनचा समझोता झाला, त्याच्याबरोबरची युती रीतसर संपली, आणि जवळपास दीडशे वर्षं अमेरिकेने कायमच्या लष्करी युतीत पाऊल टाकलं नाही. अ‍ॅडम्स मात्र त्या वर्षीची निवडणूक हरले.

त्यांचा तो निर्णय तुझ्या हिशोबात कुठे बसतो, ते मला सविस्तर लिही. वाद घालायचा असेल तर जरूर घाल.

तुझी,
आई