हप्ते चालू, गाडी गॅरेजात

मेहुण्याने दसऱ्याला कर्जावर नवी कार घेतली. गिअरबॉक्ससाठी ती चार महिन्यांत पाच वेळा परभणीहून छत्रपती संभाजीनगरला न्यावी लागली. शोरूमवाले म्हणतात, कंपनीला विचारा. बँक म्हणते, हप्ता भरा. हप्ता थांबवला तर सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या पतीचा गुणांक) बिघडतो, म्हणून तो भरतोच आहे. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष गाडी बदलून किंवा पैसे परत मागता येतात. दोन वर्षांच्या आत आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही. प्रत्येक खेपेचे जॉबकार्ड (दुरुस्तीच्या कामाची लेखी नोंद) मात्र भांडून घ्या. आमच्याकडे दोनच आहेत. बाकीची 'किरकोळ काम आहे' म्हणत दिलीच नाहीत. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक शोरूममध्ये ठळक अक्षरांत लावणे शासनाने बंधनकारक करावे.

– एक वाचक, परभणी