मॉनिटर लागला, त्याबद्दल आभार

बंद पडलेला जुना मॉनिटर पुन्हा लागला, पण सगळं श्रेय एकट्यानं लाटलं तर पचायचं नाही. पुण्याच्या तापकीर गल्लीतले दुकानदार काका, तुमचे पहिले आभार. मी मागितले १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचे कपॅसिटर (बोर्डावरचे वीज साठवणारे छोटे भाग). तुम्ही माझा डोकं फुगलेला नग बोटांत फिरवून पाहिलात आणि म्हणालात, "२५ व्होल्टचे न्या, पण १०५ डिग्रीपर्यंत उष्णता सोसणारेच. आणि उंची बसतेय का ते आधी बघा." गिऱ्हाइकांची एवढी रेटारेटी असताना हे सांगायची गरज नव्हती.

शेजारच्या निवृत्त ताईंचे आभार कसे मानू? प्लग काढला तरी मॉनिटरच्या वीजपुरवठ्याच्या भागातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात, म्हणून मीटर लावून खात्री केल्याशिवाय त्यांनी मला बोर्डाला हातच लावू दिला नाही. जुन्या कपॅसिटरचा टाका सुटेना, तेव्हा त्यावर थोडं ताजं सोल्डर (जोडायला वितळवतात तो धातू) द्यायची युक्तीही त्यांचीच. कपॅसिटरवरचा पांढरा पट्टा ऋण (मायनस) बाजूला, हे तर तीनदा बजावलं!

जेवणाचं टेबल अडवलं म्हणून घरच्यांचेही आभार (कुरकुर वजा जाता).

ताई, मिक्सर पण आवाज करतोय. रविवारी येऊ का?